सहा विसा मेंढरांचं अंतर

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
२४ जून २०२५

प्रिय फकिरा,

राम राम. सतरा वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा आधी ओळख सांगतो. मी सोमनाथ. मुकुंदवाडीला रुळाच्या कडेला ज्यांचं शेत होतं, आणि दिवाळी झाली की ज्या शेतात तुमची मेंढरं खतासाठी बसायची, त्या घरातला. तुला पाटीवर बाराखडी शिकवणारा मास्तर मीच. वर्षातले दोन महिने शाळा आणि दहा महिने सुट्टी, असली शाळा तुझ्यानंतर कुणाला मिळाली नाही.

तुझ्या शिवराजचा नंबर बरीच खटपट करून मिळवला. तो म्हणाला, बाबांना फोनवर ऐकू येत नाही आणि सोयगावच्या त्या वस्तीवर रेंजही नाही, तुम्ही पत्र टाका, बन्सीच्या दुकानात येतं. म्हणून टाकतो आहे. आमचे वडील, आपले दादा, जाऊन दहा वर्षं झाली, तेही तुला माहीत नसेल.

विषय असा. कंपनीच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं लोखंड घासलं, आता रिटायर होऊन हात रिकामे झाले. संध्या म्हणाली, तुम्ही बसून राहिलात तर तुम्हालाच गंज चढेल. म्हणून मी स्टेशन करायला घेतलं आहे. आपलं मुकुंदवाडी स्टेशन, पण लहान. खऱ्या एका फुटाला माझ्या टेबलावर साडेतीन मिलिमीटर. रूळ, फलाट, तिकिटाची खिडकी, पिवळी पाटी, आणि मधून फिरणारी गाडी. रुळाखालची खडी म्हणून वाळू चाळून घेतली. शेतातली काळी माती म्हणून चहाचा चोथा वाळवतो. रान मोठं असल्यामुळे आमच्या घरात सध्या चहा फार होतो.

आज स्टेशनवर विजेचे खांब आणि तारा आल्या आहेत. मला ते तारांच्या आधीचं हवं आहे, २००७ सालचं, शेजारी आपलं शेत असलेलं. फलाट मोजायला गेलो होतो. पावलं मोजत चालणारा म्हातारा बघून एका पोलिसानं हटकलं, "चाचा, क्या ढूंढ रहे हो?" मी म्हटलं, "दो हजार सात." तो म्हणाला, "वो गाडी तो निकल गई."

तर माझं काम एवढंच. फलाटाचा चिकलठाण्याकडचा उतार जिथं संपतो, तिथून आपल्या बांधावरच्या लिंबापर्यंत अंतर किती होतं? आता मधे घरं, गल्ल्या, पाण्याच्या टाक्या. मोजायला जागा नाही. लिंब तोडला. आमच्याकडचे जुने फोटो सगळे लग्नातले, आणि लग्नात झाडाचा फोटो कुणी काढत नाही. ती वाट तुझ्याइतकी कुणी चाललेलं नाही, म्हणून तुला विचारतो. बाकी काही विशेष नाही.

बानावहिनींना नमस्कार.

तुझा,
सोमनाथ

---

९ जुलै २०२५

सोमनाथला फकिराचा राम राम.

तुपला कागद बन्सीच्या दुकानात पडला व्हता. बन्सीनं आधी वाचला, मंग मला देला. मी वाचला आन बानाबाईला वाचून दावला. बाना म्हणली, एवढं शिकून, नोकरी करून, शेवटी खेळणीच करायची व्हती तर मधी एवढा येळ काहून घालवला? मी तिला म्हणलं, मोठ्या लोकायचं आसंच असतं.

दादा गेले ते वाचून वाईट वाटलं. मेंढरं आली का ते आधी कुत्र्याला भाकर टाकायचे, मंग आमाला इचारायचे, वाटंत तरास झाला का. तशी माणसं आता कमी.

आता तुपल्या कामाचं. टेपानं मी आयुष्यात काय मोजलं नाय. पण अंतर सांगतो. सांजंची गाडी यायच्या आधी मेंढरं रुळाकडच्या पायवाटंनं एकामागं एक काढायची, नायतर पांगत्यात. एकीचं त्वांड दुसरीच्या शेपटाला. म्होरची मेंढी लिंबाखाली पोचली का मी मागं वळून बघायचो. तवा शेवटची मेंढी बराबर फलाटाच्या उतारावर आसायची. दरसाल आसंच, एक पाऊल इकडं नाय का तिकडं नाय. तवा मेंढरं सहा विसा व्हती. आता हिशोब तू कर, तू मास्तर.

आजून सांगतो. तिकिटाच्या खोलीचं दार निळं व्हतं, खालून सडलेलं. पिवळ्या पाटीखाली चतुराबाई पेरूची टोपली घेऊन बसायची. आपली एक कानफाटी मेंढी त्या टोपलीत त्वांड घालायचीच, आन चतुराबाई मपल्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. ती टोपली तुपल्या टेबलावर पाहिजे. नसंल तर ते मुकुंदवाडी नाय.

इकडं पाऊस बरा हाय. मेंढरं मजेत.

फकिरा

---

मुकुंदवाडी
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय फकिरा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी संध्यानं मला दोनदा विचारलं, एवढं काय आहे त्यात, की हसू थांबत नाही? टोपली केली आहे. पेरू म्हणजे मोहरीचे दाणे, हिरवे रंगवलेले. दार निळं केलं, खालून सडवलंसुद्धा, आणि नवं दार सडवायला मला दोन दिवस लागले.

मग हिशोब केला. सहा विसा म्हणजे एकशेवीस. मेंढी मोजायला संध्याच्या माहेरी वैजापूरला गेलो. तिथं शेजारी एकाकडे मेंढरं आहेत. मेंढी काही केल्या एका जागी उभी राहीना, टेप धरून मीच तिच्यामागं गोठाभर फिरलो. चालताना एकीला चार फूट लागतात असं ठरवलं. एकशेवीस गुणिले चार, चारशे ऐंशी फूट. टेबलावर एक मीटर अडुसष्ट सेंटिमीटर. तिथं बांध घातला. लिंब लावला, खोड तारेचं, पानं रंगवलेल्या स्पंजची. आणि कापसाची एकशेवीस मेंढरं करून चिमट्यानं एकेक पायवाटेवर चिकटवली. पंधरा दिवस लागले. फोटो सोबत पाठवतो आहे. काळ्या तोंडाची पहिली मेंढी लिंबाखाली आहे, ती बघ.

घोळ त्यानंतर झाला. भूमी अभिलेखाच्या कचेरीतून शेताचा जुना नकाशा काढायला अर्ज दिला होता, तो परवा हातात पडला. टेबलावर लावून बघतो तर माझा लिंब शेजारच्या सर्जेरावाच्या शेतात. आपला बांध तिथून चांगला दोन विता पुढे. सर्जेराव आज हयात असता तर त्यानं तो लिंब ठेवूनच घेतला असता.

आता नकाशा काही चुकत नाही, आणि मेंढी मी माझ्या हातानं मोजली आहे. राहिला तुझा आकडा. फकिरा, रागावू नकोस. तुझं वय झालं, माझंही झालं. मधे एवढी वर्षं गेली. सहा विसा होती की किती होती, ते तुला आता नीट आठवत नसेल. सावकाश आठव आणि कळव.

तुझा,
सोमनाथ

---

३० ऑगस्ट २०२५

सोमनाथला राम राम.

फोटू पाहिला. स्टेशन चांगलं झालंय. तेवढी मेंढरं काढून टाक. कापसाची आसंनात का, मोजून चिकटवलेली मेंढरं मला पाहवत नाय.

मेंढरं इसरणारा फकिरा नाय. एवढी वर्सं झाली तरी काय बी इसरलेलो नाय. लिंबाचं तुपलं तू बघ.

बानाबाईचा आज तुला नमस्कार नाय.

फकिरा

---

मुकुंदवाडी
८ सप्टेंबर २०२५

प्रिय फकिरा,

मेंढरं त्याच दिवशी काढली. चिमट्यानंच काढली आणि डबीत ठेवली. पायवाट आता मोकळी आहे.

"काय बी इसरलेलो नाय" हे वाक्य मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. ते कशाबद्दल आहे ते मला कळलं. तुला अंतर विचारलं, मेंढरांचा आकडा विचारला, सगळं विचारलं, आणि जे सांगायचं होतं ते पहिल्या पत्रातच "बाकी काही विशेष नाही" म्हणून बाजूला सारलं. आता सांगतो.

२००८ च्या दसऱ्याला शेताचा सौदा झाला. दादांनी त्याच रात्री मला सांगितलं, फकिराला पत्र टाक, ते लोक दिवाळीनंतर निघतील, नऊ मुक्काम करून एवढ्या लांब येतील आणि इथं रान नसेल. पत्र टाकायचं काम माझं होतं. मी तीनदा लिहिलं. "आम्ही शेत विकलं" एवढं लिहून झालं की पुढं काय लिहावं ते सुचेना. तुमच्या बापजाद्यांपासूनची वाट आम्ही बंद केली, आणि ती एका कार्डावर कशी बंद करायची? तिन्ही फाडली. दादांना सांगितलं, टाकलं. ते जाईपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं.

पुढचं याहून वाईट आहे. तुम्ही आलात ते मला माहीत होतं. पहिली शिफ्ट करून घरी आलो होतो, गच्चीवर उभा होतो, आणि मेंढरांच्या घंटा ऐकल्या. त्या घंटा मी कुठंही ओळखीन. गच्चीवरून शेत दिसायचं. खाली उतरून चालत गेलो असतो तर दहा मिनिटं लागली असती. मी उतरलो नाही. तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटली. दोन-तीन दिवसांनी घंटा थांबल्या तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्याची लाज अजून वाटते.

हे टेबल मी का करायला घेतलं असं संध्या विचारते. मी तिला रेल्वेची आवड सांगतो. आवड आहेच. पण मला ते रान एकदा पुन्हा जसंच्या तसं हवं होतं, आणि तुला लिहायला काहीतरी कारण हवं होतं. सरळ लिहायची हिंमत नव्हती म्हणून फुटपट्टी पुढं केली. तू उत्तर दिलंस, हसवलंस, तेव्हा वाटलं की तू विसरलास, आणि मला आनंद झाला. किती सोयीचा आनंद.

माझं चुकलं, फकिरा. यापुढं तू लिहिलं नाहीस तरी मी समजेन. पण लिहावंस असं मला फार वाटतं.

सोमनाथ

---

१९ सप्टेंबर २०२५

सोमनाथला फकिराचा राम राम. बानाबाईचा नमस्कार.

तुपला कागद वाचून हसू बी आलं आन कसंतरी बी झालं. आरं, मी मेंढरांचं बोललो आन तू शेताचं बोलायला लागलास.

तुला एक गोष्ट ठाव नाय, तुमी शेतवाले, तुमाला कसी ठाव आसंल. मेंढरांचा खरा आकडा बाहेरच्याला सांगत नसत्यात. नजर लागती, मेंढरं झडत्यात. मपला बाप कुणी बी इचारलं का कमीच सांगायचा. तुपल्या दादांना कमी सांगितला, सरकारी माणूस आला तर त्याला त्याच्याहून कमी. रातच्याला मेंढरांभोवती जाळं लावतो, ती वाघूर. सांजंला त्या वाघुरीच्या तोंडाशी घरचा एक जण उभा ऱ्हातो आन आत जाणारी एकेक मेंढी मनातल्या मनात मोजतो. त्वांडानं आकडा काढत नाय. मोजून झालं का नुस्तं म्हणायचं, भरली. बस.

तू अंतर इचारलंस, तर हाताच्या सवयीनं सहा विसा लिहून गेलो. त्याच्यावर तू टेबल बांधशील हे मला काय ठाव? वर तो आकडा कापसानं चिकटवून मला फोटू धाडलास. आन वर म्हणलास, तुला आठवत नसंल. मला त्या सालच्या एकेकीचं त्वांड आठवतंय. म्हणून राग आला. बाना तर म्हणली, मास्तराला बाराखडी उलटी शिकवायची येळ आली.

आता खरा किती ते इचारू नको. तुझ्यापाशी नकाशा हाय, मेंढी मोजलेली हाय. काढ तुझा तू. पर कागदावर लिहू नको.

राहिलं शेताचं. तू लिहिलंस ते बरं केलंस. आमी आलो, दगडं रवलेली पाहिली, पांढऱ्या फक्कीच्या रेघा पाहिल्या. लिंब आजून उभा व्हता. कुणी हटकणारं नव्हतं, फुकटचं रान, मंग बसलो तीन राती त्याच प्लॉटांवर. पंधरा-सोळा प्लॉटांना खत देलं आन कुणाकडून काय घेतलं नाय. तिथं कुणाच्या दारात फुलझाडं जोरात आली आसतील तर सांग त्यायला, फकिराची मेहेरबानी.

झालं ते झालं. राग नाय.

फकिरा

---

मुकुंदवाडी
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय फकिरा,

तुझं पत्र संध्याला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. शेवटाजवळ तिनं कागद माझ्या हातून घेतला आणि पुढचं तिनंच वाचलं.

काल मुद्दाम त्या गल्लीत जाऊन आलो. तिसऱ्या घरापुढं कढीपत्ता आहे, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेलेला. घरच्या बाई पाणी घालत होत्या. मी विचारलं, खत कोणतं घालता? त्या म्हणाल्या, काही नाही हो, जमीनच चांगली आहे. मी मान डोलावली आणि निघालो. सगळं सांगायला बसलो असतो तर त्यांनी दार लावून घेतलं असतं.

आकडा काढला. लिहीत नाही. संध्यालाही सांगितला नाही, ती रुसली आहे.

त्या आकड्यानं लिंब लावला तर तो नकाशावरच्या बांधावर अचूक बसतो, खिळा भोकात बसावा तसा. फक्त टेबल संपतं. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, मी पाय आधी पसरले आणि आता अंथरूण वाढवतो आहे. भिंत फोडता येईना, म्हणून नवी फळी दारातून स्वयंपाकघरात काढली. फलाट खोलीत, लिंब गॅसच्या शेगडीजवळ. संध्या फोडणी घालते तेव्हा आपल्या रानावर धूर पसरतो आणि ते वाईट दिसत नाही.

एक मागणं आहे. दिवाळीनंतर तुम्ही निघायच्या आधी एकदा येऊन बघून जा, वहिनींना घेऊन. माझी गाडी चालते की नाही हे कुणीही सांगेल. रान बरोबर आहे की नाही हे तूच सांगू शकतोस.

तुझा,
सोमनाथ

---

मुकुंदवाडी
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय फकिरा,

"रविवारी येष्टीनं येतो, बाना बी येतीय" असं तुझं कार्ड आज दुपारी मिळालं. तुम्ही येऊन, जेवून, परत जाऊन तीन दिवस झाले. टपालखात्यानं तरी माझ्यासारखं करायला नको होतं.

दार उघडलं आणि तुम्ही दोघं समोर, तेव्हा मी तुला ओळखलं नाही, वहिनींना ओळखलं. तुझ्या मिशा पांढऱ्या होतील हे मी धरलंच नव्हतं. संध्या म्हणते, माणसं जेवायला येणार हे आधी कळलं असतं तर पुरणाचं केलं असतं. वहिनींनी तिच्या पिठल्याचं कौतुक केलं म्हणून ती जरा निवळली आहे.

पण मला झोप नाही. तू आलास, स्टूल ओढून टेबलापाशी बसलास, आणि दोन तास एक शब्द बोलला नाहीस. मी गाडी तीनदा फिरवली. तू गाडीकडं पाहिलंसुद्धा नाहीस. फलाटापासून स्वयंपाकघरापर्यंत नजर न्यायचास, परत आणायचास. वहिनी वाकून आमच्या घराच्या छोट्या गच्चीकडं बघत होत्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. विचारलं तर काही सांगेनात. शेवटी तू म्हणालास, "चल, येष्टी चुकंल," आणि निघालास.

काय चुकलं ते सांग. बांध उंच झाला का? पायवाट रुळाच्या फार जवळ गेली का? मी टूलरूमचा माणूस आहे. चूक कळली की मला बरं वाटतं, कारण ती घासता येते. न बोलण्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

तुझा,
सोमनाथ

---

१५ ऑक्टोबर २०२५

सोमनाथला फकिराचा राम राम.

आमी घरी नीट पोचलो. संध्यावहिनीला सांग, बाना वस्तीवरच्या बायांना तुमच्या गॅसजवळच्या लिंबाची गोष्ट सांगती आन कुणी तिच्यावर इस्वास ठेवत नाय.

टेबलात चूक काय बी नाय. सोताला खाऊ नको. उतारावरून नजर निघाली ती लिंबापत्तोर गेली आन मपले पायच दुखायला लागले, एवढं बराबर हाय. दोन घंटे मी वाघूर कुठं लावायची तेच बघत व्हतो. बांधाच्या आडोशाला, वारं लागत नाय तिथं, आमची जागा व्हती. ती जागा तू केलीस. तुला ती ठाव बी नव्हती, तरी आली. मंग बोलायला शब्द कुठून आणायचे?

आता मागं जे खोटं लिहिलं ते खरं करून लिहितो. मी लिहिलं व्हतं, फुकटचं रान म्हणून तीन राती बसलो, राग नाय. एवढी वर्सं राग व्हता. आमी आलो त्या सांजंलाच बानानं तुला गच्चीवर बघितलं. मला म्हणली, सोमनाथभाऊ उभे हायती, आता येतील. मी तिला चहाचं आधण ठेवायला लावलं. तू आला नाहीस. दुसऱ्या दिशी तू परत गच्चीवर दिसलास, परत आधण ठेवलं. त्या दगडात तीन राती बसलो ते खत द्यायला नाय. तू येशील म्हणून बसलो. चौथ्या दिशी चारा ऱ्हायला नाय, तवा निघालो. त्याच्यानंतर मी मुकुंदवाडीच्या अंगाला फिरकलो नाय. शेत गेलं त्याचं काय, शेतं जात्यात. तू आला नाहीस ते लई लागलं व्हतं.

बाना हसली त्याचं कारण हेच. ती म्हणती, भाऊंनी फलाट केला, बाकडी केली, चतुराबाईचे पेरू बी केले, आन सोताची गच्ची तेवढी रिकामी ठेवली. आजून लपूनच हायती. ती म्हणती, एक माणूस करा, आन गच्चीवर नका ठेवू, बांधावर ठेवा.

राग कवा गेला म्हणशील, तर घंटा ऐकल्या व्हत्या हे तू सोता कागदावर लिहिलंस तवा. आमाला ते ठावच व्हतं. पर तू सांगशील आसं वाटलं नव्हतं. त्या दिशी लगीच तसं लिहायला पाहिजे व्हतं, पर हात झाला नाय. तुला तीनदा कागद फाडावा लागला, मला बी एकदा फाडावा लागला. फिटलं.

दिवाळी झाली का आमी निघतो. आठ-दहा मुक्कामानं चितेगावच्या रानात उतरू. तिथला एक शेतवाला भला हाय, बसू देतो. शिवराज तुला दिवस कळवंल. त्याला कंपनीतून सुट्टी नाय, आन मपल्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय, सांजंला मला मेंढी आन तिची सावली एकच दिसती. वाघुरीच्या तोंडाशी उभं ऱ्हायला घरचं माणूस पाहिजे.

उन्हं उतरायच्या आत ये. मी मेंढरं हाकीन, बाना जाळं धरंल. तू तोंडाशी उभा ऱ्हा आन मोज. आन मोजून झालं का मला सांग, भरली का नाय.

तुपला,
फकिरा